उनपदेव, अडावद: पाणी एक नंबर, बाकीची तयारी घरून

स्पा वगैरे डोक्यात ठेवून जाणार असाल तर उनपदेवला जाऊच नका, सरळ सांगतो. रिसेप्शन नाही, पांढरे टॉवेल नाहीत, मसाजवालं कोणी नाही. सातपुड्याच्या पायथ्याला गोमुखातून गरम पाणी पडतंय, खाली कुंड आहे, बस, पण त्या पाण्यासाठी आम्ही घरचे सगळे थंडी पडली की गाडी काढतोच.

आधी पत्ता नीट बघा हं, कारण खान्देशात उनपदेव दोन आहेत, एक तिकडे शहादा तालुक्यात आणि हे आपलं चोपडा तालुक्यातलं, मॅपवर नुसतं नाव टाकलं तर भलतीकडेच निघाल. जळगावहून विदगावचा तापीचा पूल ओलांडला की धानोरा, मग अडावद, आणि अडावदहून उत्तरेला डोंगराकडे वळायचं. एसटीने आलात तर अडावदला उतरून रिक्षा करावी लागते, परतीचं भाडं आधीच ठरवून घ्या नाहीतर तिथे वाट बघत बसाल. रस्त्याने दोन्ही बाजूला केळीच्या बागा, मग हळूहळू बागा संपतात आणि डोंगर एकदम समोर.

आता पाणी. गोमुखाच्या धारेखाली पहिल्यांदा हात धरला की झटकन मागे येतो, खोटं नाही सांगत. कुंडात मात्र ते जरा निवतं. तरी एकदम उतरायचं नाही, आधी पाऊल, मग पोटरी, मग पायरीवर बसून गुडघे, अंग सरावलं की मग आत. एक पोरगा उडी मारायच्या तयारीत होता तर शेजारी बसलेले एक जिभाऊ म्हणे, "हयूहयू उतर रे भो, चटका बसी!" तरी उतरला तो धाडकन आणि तेवढ्याच जोरात बाहेर. सकाळी लवकर गेलात तर पाण्यावरून वाफ निघताना दिसते आणि कान गार, खांद्यापासून खाली गरम, असं मजेशीर वाटतं. दुपारच्या उन्हात यातलं काही नाही, आणि मे महिन्यात तर खान्देशात घरच्या टाकीचं पाणीच तेवढं तापतं, त्याच्यासाठी कशाला एवढ्या लांब जायचं.

गोष्ट अशी सांगतात की इथे शरभंग ऋषींचा आश्रम होता आणि त्यांच्यासाठी रामाने बाण मारून हे पाणी काढलं. ज्वालामुखीबिलामुखी इथे काही नाही. तापीच्या खोऱ्यात सातपुड्याच्या कडेने जमिनीत मोठमोठ्या भेगा आहेत, पावसाचं पाणी त्यातून खूप खोल जातं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं.

त्वचेच्या आजारासाठी लोक श्रद्धेने येतात. आमच्या सासूबाई गुडघ्यांसाठी येतात. त्या दिवशी संध्याकाळी बाई जिना न धरता चढल्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा "आई गं" सुरू. म्हणजे शेक म्हणून मस्त, औषध म्हणून डॉक्टरच्या गोळ्या बंद करू नका. बीपी किंवा हार्टचा त्रास असणाऱ्यांनी विचारून या आणि फार वेळ बसू नका, मला स्वतःला जास्त बसलं की उठताना गरगरतं.

राग येतो तो आपल्याच लोकांचा. शाम्पूच्या पुड्या, साबणाची वेष्टनं, एकाची तर जुनी बनियन पायरीवर वाळत पडलेली! अरे, दुसऱ्यांनाही त्याच पाण्यात बसायचंय ना? साबण नका लावू, नुसतं बसा. बायकांनी मोठी ओढणी किंवा चादर जवळ ठेवावी, गर्दीत कपडे बदलायला आडोसा शोधत फिरावं लागतं. पौषात यात्रा असते, हौस असेल तर तेव्हा या, पाण्यात निवांत बसायचं असेल तर साधा मंगळवार-बुधवार बरा.

जेवणाचं म्हणाल तर मी घरून भरीत, कळण्याची भाकरी आणि कांद्याची पात नेतो, कारण गरम पाण्यातून निघाल्यावर जी भूक लागते ती वेफर्सने भागत नाही. परतताना एका ढाब्यावर शेवभाजी खाल्ली होती, शेव आधीच भिजून लगदा झालेली आणि वर तेलाचा बोटभर तवंग, तेव्हापासून डबाच.