डीएनएसकंट्रोल: आठ महिन्यांच्या वापरानंतर

दादरच्या आमच्या छोट्या कार्यालयात वीसेक ग्राहकांची डोमेन सांभाळली जातात. त्यांच्या डीएनएस नोंदी, म्हणजे डोमेनचे नाव कोणत्या सर्व्हरकडे जाते हे सांगणाऱ्या नोंदी, काही क्लाउडफ्लेअरवर, काही ॲमेझॉनच्या रूट ५३ वर, तर उरलेल्या एका जुन्या होस्टिंग कंपनीच्या पॅनेलमध्ये होत्या, आणि कोणती नोंद कोणी व का बदलली हे फक्त सहकाऱ्यांच्या आठवणीत असे. गेल्या पावसाळ्यात एका ग्राहकाची मेल दीड दिवस बंद पडली. मेल कोणत्या सर्व्हरकडे जावी हे सांगणाऱ्या एमएक्स नोंदीत मेल सर्व्हरच्या नावाच्या शेवटी द्यायचा टिंब मी विसरलो होतो, त्यामुळे त्या नावाला ग्राहकाचे डोमेन पुन्हा एकदा चिकटले आणि पॅनेलने ते निमूटपणे स्वीकारले. त्यानंतर आम्ही डीएनएसकंट्रोल वापरायला घेतले.

स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाकडे जन्मलेले हे साधन मुक्त स्रोत असून गो भाषेत लिहिलेले आहे. सर्व नोंदी जावास्क्रिप्टसारख्या एका फाइलीत लिहायच्या, ती फाइल बदलांचा इतिहास जपणाऱ्या गिटमध्ये ठेवायची, आधी 'प्रीव्ह्यू' आज्ञेने होणारे बदल पाहायचे आणि मग 'पुश' करून ते पुरवठादाराकडे पाठवायचे, अशी त्याची रीत आहे. माझ्या त्या टिंबाची चूक येथे फाइल तपासतानाच अडवली जाते.

खरी किंमत मात्र प्रीव्ह्यूची आहे, कारण फाइलीत नसलेली नोंद हे साधन मुळात पुसूनच टाकते. पहिल्याच आठवड्यात एका ग्राहकाने परस्पर पॅनेलमध्ये घातलेली टीएक्सटी (मजकुराची) नोंद 'डिलीट' म्हणून पडद्यावर आली, आणि सहकारी मुलीने ती वाचली म्हणून वाचलो. अशा झोनसाठी (म्हणजे एका डोमेनच्या नोंदींच्या संचासाठी) फाइलीत नसलेल्या नोंदी न पुसणारा 'नो पर्ज' हा पर्याय आहे. नवख्याने सुरुवात त्यानेच करावी.

एकच झोन दोन पुरवठादारांकडे ठेवणे हा आमच्या दृष्टीने सर्वांत मोठा लाभ ठरला. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डाइन या डीएनएस कंपनीवर डीडॉस हल्ला (असंख्य उपकरणांवरून एकदम विनंत्यांचा मारा) झाला, तेव्हा तिच्यावर विसंबलेली बडी संकेतस्थळेही काही तास उघडेनाशी झाली होती. येथे डोमेनच्या व्याख्येत दुसऱ्या पुरवठादाराची ओळ घातली की त्याच नोंदी दोन्हीकडे जातात. मात्र क्लाउडफ्लेअरचा प्रॉक्सी (येणारी रहदारी स्वतःच्या सर्व्हरमधून नेण्याची सोय) किंवा रूट ५३ ची एलियास नोंद (ॲमेझॉनच्याच सेवांकडे बोट दाखवणारी खास नोंद) दुसऱ्याकडे जशीच्या तशी नेता येत नाही, आणि डीएनएसएसईसी (नोंदींवर डिजिटल सही करणारी सुरक्षा) चालू असलेले डोमेन दोन पुरवठादारांमध्ये जुळवणे हे वेगळेच काम होऊन बसते.

गिटहबमध्ये तयार झालेले, पायथनमधील ऑक्टोडीएनएस हेच काम यामल या साध्या मजकुराच्या मांडणीतील फाइलींतून करते, आणि नोंदींचा मोठा हिस्सा एकदम बदलू लागला तर स्वतःहून थांबते. ही खबरदारी मला डीएनएसकंट्रोलमध्येही हवी होती. तरीही आमच्या हाताला जावास्क्रिप्टची सवय असल्याने आम्ही येथेच राहिलो.

त्या जुन्या होस्टिंग कंपनीला एपीआयच (बाहेरच्या साधनाने नोंदी बदलण्याची सोय) नाही, त्यामुळे हे साधन तेथे चालत नाही. तेथील बहुतेक डोमेन आम्ही हलवली. तीन मात्र ग्राहकांच्या आग्रहाखातर अजून पॅनेलमध्येच आहेत, आणि तेथे टिंब आम्ही दोघे मिळून तपासतो.