पितळी कातणं: एका दिवाळीनंतरचा अनुभव

करंजीची कड कापायच्या जुन्या कातण्याचं चाक निखळलं म्हणून मागच्या दिवाळीआधी हे नवं पितळी कातणं घेतलं. एका टोकाला नागमोडी कडेचं चाक, दुसऱ्या टोकाला चपटी पट्टी. हातात छान वजनदार लागतं.

मी करंजी करत होते तेव्हा भाचीने विचारलं, "आत्या, याला कातणं का म्हणतात? यावर सूत कातायचं का?" मी ब्लाउज शिवते, त्यामुळे हा प्रश्न मला फार आवडला. संस्कृतात 'कृत्' धातू दोन आहेत, एक कापण्याचा आणि एक सूत काढण्याचा. 'कर्तन' म्हणजे कापणंही आणि कातणंही. माझी कातर पहिल्याची, चरख्यावरचं सूत दुसऱ्याचं. करंजीचं कातणं कापतं, म्हणून मी ते कातरीच्या घरातलं धरते.

आता कामाचं. याच्या चाकाची कड सुरीसारखी धारदार नाही आणि तेच मला सगळ्यात पटलं. चाक फिरतं तेव्हा जादा पारी कापली जाते आणि त्याच दाबाने दोन्ही कडा एकमेकींना चिकटतात. कडेला दुधाचं बोट फिरवून मग कातणं चालवलं, तर सारण तेलात उतरत नाही. पन्नासेक करंज्यांत दोनच फुटल्या, त्याही मी सारण जास्त भरलं म्हणून. शंकरपाळ्यांना मात्र जोर लावावा लागतो. पोळी जाड असेल तर चाक अडखळतं आणि रेघ वाकडी जाते.

शिवणाऱ्या बायकांना एक सांगते. आपल्या मशीनच्या खणात खुणा उठवायची दातेरी फिरकी असते ना, ती दिसते अगदी अशीच, पण तिचे दाते टोकदार. ते कार्बनवरून कापडावर ठिपके उठवायला असतात. अडचणीला ती पारीवर चालवून पाहिली, तर पारीला भोकं पडली आणि कड मिटलीच नाही.

तक्रार एकच. चाकाच्या खिळ्यापाशी पीठ अडकतं आणि वाळलं की चाक फिरत नाही. काम झाल्या झाल्या कोमट पाण्यात बुडवून जुन्या दातघासणीने घासायचं, चिंचेने उजळायचं, कोरडं पुसायचं आणि खिळ्यावर खायच्या तेलाचा एक थेंब सोडायचा. मशीनचं तेल इथे चुकूनही नको.