गावची पेज की मुंबईची चहा-खारी?

एकाच घरातले दोन भाऊ घ्या. एक गावी, एक मुंबईत.

गावच्या भावाची सकाळ उकड्या तांदळाच्या पेजेने होते, सोबत भाजलेला सुका बांगडा. भात सालासकट उकडताना कोंड्यातलं ब जीवनसत्त्व दाण्यात उतरतं. दुपारी नाचणीची भाकरी: १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम, पांढऱ्या तांदळात त्याच्या दशांशही नाही. मग कंबरेत वाकून तरवा (भाताची रोपं) काढायचा, त्याच्या मुठी बांधायच्या, चिखलातून वाहून न्यायच्या. हाडं असं वजन पेलूनच घट्ट होतात.

मुंबईत चहा-खारी, लोकल, खुर्ची. पण पगार वेळेवर, दवाखाना जवळ; हे कमी नाही. पावसाळ्यात शेतात लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाची) भीती असते. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नये, आणि ताप अंगावर काढू नये.

तरी मुलांसाठी मी गावचंच ताट निवडेन. कष्टांबाबत मात्र एक अट आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. पालेभाज्या, फळं, दूध जास्त खाणाऱ्यांची बाळं अंगाने बरी निघाली. फार अंगमेहनत करणाऱ्यांची लहान. म्हणून भातलावणी कितीही तोंडावर आली तरी पोटुशी सुनेला हंडे उचलायला लावू नका, आणि टाकळ्याची भाजी आधी तिच्या पानात वाढा.