तैवानचा बेसबॉलपटू: घरची लीग की परदेश?

तैवानमध्ये बेसबॉलचं वेड आपल्या क्रिकेटइतकंच. फरक एवढाच, की तिथल्या गुणी पोरापुढे लवकरच प्रश्न येतो: राहायचं की जायचं?

जाणाऱ्यांमध्ये पहिलं नाव वांग चिएन-मिंगचं. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क यांकीज संघाचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, म्हणून त्याने 2006 आणि 2007 अशा सलग दोन हंगामांत प्रत्येकी 19 सामन्यांचे विजय आपल्या नावावर लावले. पण 2008 मध्ये ह्यूस्टनला एका बेसवरून (धावेच्या टप्प्यावरून) दुसऱ्याकडे धावताना पायाला दुखापत झाली. पिचरचा पाय जायबंदी व्हावा तोही धावताना! पुढे तो पूर्वीचा वांग राहिलाच नाही. जपानही सोपं नाही. मायदेशी 2016 आणि 2017 मध्ये फलंदाजीत .400 च्या वर सरासरी (म्हणजे दर दहा प्रयत्नांत चारहून जास्त यशस्वी फटके) राखणारा वांग बो-रोंग 2019 पासून निप्पॉन हॅम फायटर्सकडे खेळला, पण त्या उंचीच्या जवळपासही गेला नाही.

1990 मध्ये सुरू झालेली घरची लीग आज सहा संघांची. पैसा अमेरिकेच्या तुलनेत किरकोळ, शिवाय सामनेनिश्चितीच्या प्रकरणांनी तिने वर्षानुवर्षं बदनामी सोसली. तरी तिला दुय्यम म्हणायला मी तयार नाही. चेन चिए-शिएन शाळेत जपानला शिकला, मात्र व्यावसायिक कारकीर्द घडवली ती मायदेशी, युनि-प्रेसिडेंट लायन्सकडे. 2024 च्या प्रीमियर12 या आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, टोकियो डोममध्ये, तैवानचा कर्णधार म्हणून त्यानेच तीन धावांचा होमरन (आपल्या षटकारासारखा फटका) ठोकला आणि तैवानने जपानला 4-0 ने हरवलं.

पैसा आणि कस हवा असेल तर अमेरिका. रोज मैदानात उतरायचं असेल तर घरच बरं.