सेवेत असताना अपंगत्व आले आणि नोकरी गेली: दिव्यांग आयुक्त की न्यायाधिकरण?

सरकारी नोकरीत असताना अपघाताने किंवा आजाराने अपंगत्व आले आणि कार्यालयाने सेवा संपवली किंवा संपवायला निघाले, तर कुठे जायचे हे दोन गोष्टींवर ठरते. आदेश निघाला आहे की अजून निघायचा आहे? आणि तो काढणारे कार्यालय कोणते?

हक्क दोन्हीकडे तोच. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 20(4) नुसार अशा कर्मचाऱ्याला काढता येत नाही, खालच्या पदावरही आणता येत नाही. जुने काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत आणि त्याच सेवालाभांसह दुसरे पद द्यायचे. तेही नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत अधिसंख्य पदावर, म्हणजे मंजूर पदांपेक्षा जादा निर्माण केलेल्या पदावर, ठेवायचे. या कलमात किमान 40 टक्के अपंगत्वाची अट नाही, तरी कमी टक्केवारी दाखवून परत पाठवणारी कार्यालये असतात. ऐकून घेऊ नका.

राज्य सरकार, जिल्हा परिषद, महापालिका यांच्या कर्मचाऱ्यांसाठी राज्य दिव्यांग आयुक्त, पुणे. केंद्र सरकार आणि राष्ट्रीयीकृत बँकांसाठी दिल्लीचे मुख्य आयुक्त. इथे वकील लागत नाही, साध्या अर्जावर काम होते. कागदपत्रे आणि अधिकारी हजर करवण्यापुरते आयुक्तांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. पण शेवटी निघते ती शिफारस. कार्यालयाने तीन महिन्यांत केलेली कारवाई कळवायची; शिफारस मान्य नसेल तर कारणे आयुक्तांना आणि तुम्हालाही द्यायची. शिवाय आयुक्तांना अंतरिम मनाई (निकालापर्यंत कारवाई थांबवण्याचा आदेश) देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये जुन्या 1995 च्या कायद्याखाली स्पष्ट केले आहे. म्हणून पद बदलून मिळत नाही, पगार अडवला आहे, निवृत्ती घ्या म्हणून दबाव येतो आहे अशा टप्प्यावर हा मार्ग उत्तम. त्याआधी आपल्याच कार्यालयातल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज नोंदवा. त्यांनी दोन आठवड्यांत चौकशी करायची असते, आणि समाधान झाले नाही तर जिल्हास्तरीय समितीकडे जाता येते.

सेवासमाप्तीचा आदेश हातात पडला की मात्र न्यायाधिकरणच. ते आदेश रद्द करते, स्थगिती देते, मागचा पगार देववते. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी मॅट, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण (मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर), केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी कॅट, म्हणजे केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण. मुदत अंतिम आदेशापासून एक वर्ष. खात्यात अपील केले आणि सहा महिने उत्तर आले नाही, तर ते सहा महिने संपल्यापासून एक वर्ष. अनुदानित खासगी शाळेतल्या शिक्षकाला शाळा न्यायाधिकरणात अवघे 30 दिवस मिळतात. एसटी, जिल्हा परिषद, महापालिका यांचे कर्मचारी मॅटमध्ये जात नाहीत. पदानुसार कामगार न्यायालय, औद्योगिक न्यायालय किंवा उच्च न्यायालय.

सगळ्यात मोठे नुकसान इथेच होते. पुण्याला तक्रार दिली म्हणून न्यायाधिकरणाची मुदत थांबत नाही, आणि पुन्हा पुन्हा निवेदने दिल्याने ती वाढतही नाही. उशीर माफीचा अर्ज करता येतो, पण तो मंजूर होईलच असे नाही. आदेश निघाला असेल तर आधी न्यायाधिकरणात नोंद करा.

प्रकरण कुठेही न्या, कार्यालयाचा बचाव बहुतेक वेळा ठरलेला असतो: 'अपंगत्वामुळे नाही, अनधिकृत गैरहजेरीमुळे काढले.' रुग्णालयात असतानाचे रजेचे अर्ज आवक क्रमांकासह नसतील तर हा बचाव टिकतो. गैरवर्तनामागे मानसिक आजार हे एक कारण असेल तर तेही नोंदवा. रवींदर कुमार धारीवाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये म्हटले की आजार हे अनेक कारणांपैकी एक असले तरी त्यावरची शिस्तभंगाची कारवाई भेदभाव ठरू शकते.

वैद्यकीय मंडळाचा दाखला नीट वाचा. 'सध्याच्या पदासाठी अपात्र' आणि 'कोणत्याही सेवेसाठी अपात्र' यांत फार अंतर आहे. दुसरा शेरा मिळाला तर फेरतपासणी मागा. तरीही खचू नका. कुणाल सिंग प्रकरणात 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्याखाली सांगितले की कायमचा अपात्र ठरवला किंवा निवृत्तिवेतन दिले म्हणून हे संरक्षण जात नाही. स्वेच्छानिवृत्तीच्या किंवा राजीनाम्याच्या कागदावर मात्र सही करू नका. ती सही दिल्यावर 'काढले' हेच सिद्ध करत बसावे लागते.

खासगी कंपनीला कलम 20(4) लागू नाही. कलम 3 चा भेदभावाचा मुद्दा घेऊन आयुक्तांकडे जाता येते. कामावर परत जायचे असेल तर, कामगार या व्याख्येत बसत असाल तेव्हा, कामगार कायद्याचाच रस्ता.

आजही सेवेत असाल तर पहिला कागद एवढाच पुरे: 'मला दिनांक अमुक रोजी, सेवेत असताना, अपंगत्व आले आहे. दाखला जोडला आहे. कलम 20(4) नुसार समान वेतनश्रेणीतील पर्यायी पद, ते उपलब्ध नसल्यास अधिसंख्य पद द्यावे.' दोन प्रती काढा आणि दुसरीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.