पेटीची दुरुस्ती यूट्यूबवरून: काय जमते, काय नाही

यूट्यूबवर पाहून पेटी, म्हणजे हार्मोनियम, दुरुस्त करता येते का, असे आमच्याकडच्या भजनी मंडळांतून मला हल्ली वरचेवर विचारतात. माझे उत्तर असे: निम्म्याहून जास्त कामे घरी जमतात. सूर लावणे जमत नाही, पण ते ऐकायचे कसे हे मात्र शिकता येते, आणि त्यासाठीही मी या माध्यमाला मानते.

मी फोंडा तालुक्यातली, महिला भजनी मंडळात पेटी वाजवते. गोव्याच्या पावसात पेटीचे हाल कोणाला सांगायला नकोत. लाकूड ओल धरते, पट्ट्या फुगून एकमेकींना घासतात, चामड्यावर बुरशी चढते, पोलादी स्प्रिंगा गंजतात. आणि नेमके याच महिन्यांत तिला उसंत नसते. श्रावणातली भजने, सप्ताह, मग चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. आरत्यांना घुमट-शामेळ ही आमची तालवाद्ये पुरतात, पण भजनाला पेटी लागतेच. अशा वेळी ती बेळगाव-कोल्हापूरकडे पाठवली तर वेळेवर परत येईल याचा भरवसा नाही.

शोधायचे कसे, इथपासून सुरुवात करते. नुसते ‘हार्मोनियम रिपेअर’ लिहिले की पेट्या विकणाऱ्यांचे व्हिडिओ पुढे येतात. त्याऐवजी दुखणे लिहावे: ‘पट्टी न दाबता सूर वाजतो’, ‘भाता हवा धरत नाही’. मराठीत थोडे मिळते, हिंदीत भरपूर, आणि बंगाली-गुजरातीत सोने आहे. साहजिकच आहे. आजची हातपेटी कोलकात्यात घडली, आणि पेटीचे सूर, म्हणजे आवाज देणाऱ्या पितळी जिभा, बनवण्यासाठी गुजरातेतले पालिताणा नावाजलेले आहे. मला बंगाली येत नाही, पण कारागिराचे हात नीट दिसत असतील तर भाषेवाचून अडत नाही.

चांगला व्हिडिओ मी दोन गोष्टींवरून ओळखते. कॅमेरा चेहऱ्यावर नसून हातांवर असतो, आणि दुरुस्तीआधीचा व नंतरचा आवाज मागे संगीत न लावता ऐकवलेला असतो. नापसंतीचा आकडा 2021 च्या नोव्हेंबरपासून प्रेक्षकांना दिसत नाही, म्हणून खालच्या प्रतिक्रिया वाचाव्यात. जाणते लोक तिथे नेमकी चूक दाखवतात.

आता प्रत्यक्ष काम. पट्टी न दाबता सूर वाजत राहणे हा पावसाळ्यातला नेहमीचा आजार. पट्टीच्या मागच्या टोकाखाली चामडे असते, ते खालचे भोक झाकते. पट्टी दाबली की मागचे टोक उचलते, हवा जाते, सूर वाजतो. चामडे पुरते बसले नाही की सूर वाजतच राहतो. आधी पट्टी शेजारणीला घासते का ते बघायचे, मग चामड्याखाली कचरा आहे का, शेवटी स्प्रिंग ढिली झाली आहे का. एका वयस्क कारागिराच्या व्हिडिओत हा क्रम इतका स्वच्छ आहे की मी तो मंडळातल्या सगळ्यांना पाठवला. पातळ कागद चामड्याखाली सरकवून, पट्टी हलकेच सोडून, कागद ओढून घ्यायचा. कचरा त्याच्याबरोबर बाहेर येतो. हे वाचून समजायला वेळ लागला असता. पाहून लगेच कळले.

हवा कुठून जाते हे शोधायची युक्तीही अशीच मिळाली. सगळे स्टॉप (सुरांकडे जाणारी हवा उघडणारे-बंद करणारे खुंटे) बंद करून भाता भरायचा आणि थांबायचे. तरीही भाता लवकर बसला तर दोष भात्यात किंवा आतल्या जोडांत. बंद स्टॉपवर हवा टिकते आणि उघडताच पट्ट्यांना हात न लावता निघून जाते, तर दोष पट्ट्यांखालच्या चामड्यांत. एवढे कळले की अर्धी पेटी उगाच खोलावी लागत नाही.

हात पाहताना वेग कमी करावा. संगणकावर व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाची कळ दाबली की चित्र एकेक पाऊल पुढे जाते, स्वल्पविरामाने मागे. मोबाइलवर कडेला दोनदा टिचकी मारली की दहा सेकंद मागेपुढे. स्प्रिंग बसवताना बोटे कशी वळतात ते मी असेच पाहिले.

सुरांचे मात्र वेगळे आहे, आणि हे कुठल्याच व्हिडिओत सांगितलेले मला आढळले नाही. खर्ज (खालच्या सप्तकाचा) आणि नर (त्याच्या वरच्या सप्तकाचा) हे जोडीचे सूर जरासे बेसूर असले की एकत्र वाजताना आवाज लाटेसारखा हेलकावतो. एक सूर सेकंदाला 440 कंपनांवर आणि दुसरा 442 वर असेल तर सेकंदाला दोन हेलकावे. खर्जाशी नर जुळवतानाही कान हेच मोजतो, कारण खर्जाच्या आवाजात दडलेला वरचा षड्ज नराच्या षड्जाशी भिडतो. सूर जुळत आला की हेलकावे मंदावतात आणि शेवटी थांबतात. व्हिडिओ अर्ध्या वेगाने लावला तर सुराची उंची तीच राहते, पण हेलकावे निम्मे होतात, आणि बेसूर जोडी जुळत आल्यासारखी वाटते. म्हणून हात सावकाश पाहा, कान मात्र मूळ वेगावरच लावा. तेही हेडफोन लावून. मोबाइलच्या स्पीकरमधून खर्ज पुरता ऐकूच येत नाही.

प्रत्यक्ष सूर लावणे व्हिडिओवरून करू नये असे मी ठामपणे सांगते. पितळी जिभेचे मोकळे टोक खरवडले तर सूर चढतो, रिव्हेटजवळ, म्हणजे जीभ जिथे ठोकून बसवलेली असते तिथे, खरवडले तर उतरतो. हे तत्त्व मिनिटभरात कळते. पण किती दाब द्यायचा हे पडद्यावरून हातात उतरत नाही, आणि गेलेले पितळ परत येत नाही. जुन्या मोडक्या पेटीचे सूर मिळाले तर त्यांवर हात बसवावा. मंडळाची पेटी जाणत्या कारागिराकडेच द्यावी. तो काम करताना जवळ बसू देत असेल तर जरूर बसावे. आधी व्हिडिओ पाहिलेले असले की त्याला काय विचारायचे ते सुचते.

माहितीसाठी पाहात असाल तर जास्त जपून राहावे लागते. पेटीचा इतिहास सांगणारे कितीतरी व्हिडिओ पेटी मुळात भारतातच जन्मली असे सांगतात. प्रत्यक्षात आलेक्सांद्र दबँ याने पॅरिसला हार्मोनियमचे पेटंट घेतले ते 1842 मध्ये. जमिनीवर बसून वाजवायचा हातपेटीचा घाट कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी पुढे आणला. आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत पेटीवर बंदी घातली होती, हे तर बहुतेक व्हिडिओंत येतच नाही. अशा बाबतीत पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जाऊन पुस्तक काढावे. व्हिडिओ हात दाखवतो तेव्हा त्यावर विश्वास ठेवते, सन सांगतो तेव्हा ताडून पाहते.

माझे गुण असे: साफसफाई, घासणाऱ्या पट्ट्या आणि हवेची गळती यांसाठी पाचपैकी पाच. सूर ऐकायला शिकण्यासाठी चार, कारण आवाजाची प्रत व्हिडिओगणिक बदलते. सूर लावण्यासाठी एक, इतिहासासाठी दोन. ज्यांच्या मंडळाची पेटी चवथीला लागणार आहे त्यांनी श्रावण लागायच्या आत पाठीमागची फळी काढून एकदा आत डोकवावे. पेटी उन्हात ठेवू नये, चामडे आखडते. कोरड्या कपाटात सुती कापडाखाली ठेवावी.