अहुजाचा सेट घेऊन १४ महिने झाले, सप्त्यात आणि मंडपात वापरून आलेला अनुभव

राम कृष्ण हरी मंडळी. मी गंगाखेड तालुक्यातल्या एका गावच्या भजनी मंडळात मृदंग वाजवतो आणि साऊंडची जबाबदारी पण माझ्याकडंच आहे. मागच्या वर्षी वर्गणी करून आम्ही अहुजा कंपनीचा साऊंड सेट घेतला, त्याला आता १४ महिने झाले. तीन-चार मंडळांनी फोन करून विचारलं की कसा वाजायलाय, घ्यावा का, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहितो.

आधी काय होतं ते सांगतो. एका दुसऱ्याच कंपनीचा साऊंडचा डबा आम्ही मोबाईलवरून मागवला होता, नाव घेत नाही. त्याच्यावर वॅटचा आकडा एवढा मोठा छापलेला की आम्हाला वाटलं अख्ख्या गावाला पुरल. पाच महिन्यात एक चॅनल गेलं. कस्टमर केअरला फोन लावला की मशीन बोलायचं, मग एकदा माणूस लागला तर तो म्हणाला कुरिअरनं पाठवा, पाठवायचा खर्च तुमचा, आणि परत कधी येईल ते सांगता येत नाही. तालुक्यातल्या मेकॅनिकनं खोलून बघितलं तर आतल्या पार्टवरचे नंबरच घासलेले, तो तरी काय करणार. मंडळाचे पैसे होते ते, शेतमजुरी करणाऱ्यांनी पण शंभर-शंभर दिलेले. तेव्हापासून ठरवलं की आवाज उली कमी असला तरी चालल, पण बिघडल्यावर जवळ दुरुस्त होणारीच वस्तू घ्यायची.

आता नवा सेट. २५० वॅटचा मिक्सर अँप्लिफायर (सगळ्या माईकचा आवाज एकत्र करून वाढवणारा, त्यालाच पुढं मशीन म्हणतो), दोन कॉलम म्हणजे उभे लांबट स्पीकर, दोन भोंगे युनिटसकट (युनिट म्हणजे भोंग्याच्या मागचा आवाज काढणारा भाग), चार माईक, स्टँड आणि वायर, सगळं मिळून आम्हाला ४८ हजारात बसलं. परभणीच्या दुकानातून पक्कं बिल करून घेतलं आणि वॉरंटी कार्डावर तिथंच शिक्का मारून घेतला. सेंटरवर पहिल्यांदा तेच विचारलं, पुढं सांगतो. कंपनी दिल्लीची, १९४० पासूनची. आमच्याकडं तर म्हाताऱ्या माणसांना अँप्लिफायर म्हणलेलं कळत नाही, अहुजा म्हणलं की लगेच कळतं.

आवाजाबद्दल. हा सेट माणसाच्या आवाजासाठी बनलाय हे पक्कं डोक्यात ठेवा. कीर्तनकार महाराजांचा शब्द मंडपाच्या शेवटच्या रांगेत बसलेल्या म्हातारीला कळतो, आणि आम्हाला तेच पाहिजे होतं. कॉलममध्ये छोटे स्पीकर एकाखाली एक असल्यामुळं आवाज आडवा पसरतो, वर-खाली फार जात नाही, त्यामुळं पुढच्याच्या कानावर आदळत नाही आणि मागच्याला पण पुरतो. फक्त कॉलम माईकच्या पुढं ठेवा. मागं ठेवले की शिट्टी मारणारच आणि मग सगळे मशीनला नावं ठेवतात. ऑर्केस्ट्रा किंवा डीजे सारखा छातीत बसणारा बास पाहिजे असल तर हे घेऊ नका, त्याचं ते काम नाही.

मृदंगाला माईक लावायला मला दोन महिने गेले. धुमेच्या बाजूला, म्हणजे जिथं कणीक लावतो तिकडं, माईक चिकटवला की खालचा आवाज फुगतो आणि बोलच कळत नाही, नुसतं घूं घूं. शेवटी एक वीतभर मागं घेतला, बासचं बटन नऊ वाजताच्या काट्यासारखं डावीकडं आणलं, आणि शाईच्या बाजूला दुसरा माईक चार बोटं अंतरावर तिरका ठेवला. आता ता आणि धा वेगळे ऐकू येतात. आमचे गायनाचार्य स्वतःचा शुअर कंपनीचा एसएम ५८ माईक घेऊन येतात. १९६६ पासूनचं मॉडेल आहे ते, अजून तसंच चालतंय, आणि आमच्या मशीनला लावलं तरी काही अडचण आली नाही. टाळकऱ्यांना मात्र माईक अजिबात देऊ नका, वीस टाळ एकदम वाजले की तसंही सगळ्या माईकमधून तेच येतं.

भोंग्यांचं एक सांगतो, कारण लै मंडळं इथं चुकतात. आमचा एक भोंगा पारावर आहे, मंडपापासून तीनशे मीटर तरी असल. पहिल्यांदा आम्ही साधी पातळ वायर मशीनच्या ४ ओहमच्या टोकाला जोडली आणि तिकडं आवाज जाईचना, इकडं मशीन तापायलं. दुकानदारानं फोनवरच समजावून सांगितलं. २५० वॅट ४ ओहमवर काढायचे तर वायरीतून आठ अँपिअरच्या आसपास करंट जातो, पातळ वायर त्यातलं निम्मं वाटेतच खाते. तेच १०० व्होल्ट लाईनच्या टोकाला जोडलं तर अडीच अँपिअरमध्ये काम होतं, फक्त भोंग्याला लाईन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे ते १०० व्होल्ट भोंग्याला झेपतील एवढे उतरवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर, लावावा लागतो. दोन ट्रान्सफॉर्मर घेतले, एका सकाळीत काम झालं. हा फोन त्यानं पाऊण तास चालवला, आणि तेव्हा आम्ही त्याच्याकडून एक रुपयाचं सामान घेत नव्हतो, ट्रान्सफॉर्मर नंतर घेतले.

आता खरी गोष्ट. मार्गशीर्षात आमचा सप्ता होता. रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद ठेवायचा नियम आहे म्हणून आम्ही कीर्तन ७ ते ९ ठेवतो आणि काकडा विनामाईकच करतो. पाचव्या दिवशी कीर्तन रंगात आलेलं, महाराजांनी अभंगाचं दुसरं चरण घेतलं आणि मी हात उचलला तेवढ्यात मंडपातल्या ट्यूब एकदम पांढऱ्याफट झाल्या, दोन फटाफट फुटल्या आणि मशीनमधून जळका वास आला. डीपीवरचा, म्हणजे गावच्या विजेच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, न्यूट्रल (परतीची वायर) तुटला होता. थ्री फेजमध्ये न्यूट्रल गेला की २३० च्या जागी कुठं कुठं साडेतीनशे-चारशे व्होल्ट येतात, आमच्या मंडपावर तेच आले. महाराज थांबले नाहीत. पुढं सरकून त्यांनी मोठ्यानं विठ्ठल विठ्ठल धरलं, टाळकऱ्यांनी उचललं, आणि बिनामाईकचं कीर्तन पूर्ण झालं. पण काला दोन दिवसावर आलेला आणि त्या दिवशी पंचक्रोशीतली चार-पाच हजार माणसं येतात, तिथं बिनामाईकचं जमणार नव्हतं.

सकाळी साडेसहाच्या एसटीनं मशीन मांडीवर घेऊन परभणीला गेलो. अहुजाचं सर्व्हिस सेंटर उघडायच्या आधीच पायरीवर बसलेलो. तिथला माणूस आला, त्यानं आधी चहा सांगितला, मग एकच विचारलं, "माऊली, बिल आन् कार्ड आणलंय का?" दोन्ही दिलं. माझ्यासमोरच वरचं झाकण काढलं. फ्यूज तर गेलाच होता, आतले आऊटपुट ट्रान्झिस्टर पण गेलेले. तो सरळ म्हणाला की हे व्होल्टेजमुळं झालंय, वॉरंटीत बसत नाही, मी खोटं सांगणार नाही, पण मशीनच्या आतला मोठा ट्रान्सफॉर्मर वाचलाय त्यामुळं जास्त खर्च नाही. मला हेच आवडलं बगा. नुसतं "बघू, सांगतो" म्हणून ठेवून घेतलं असतं तर माझा सप्ता बुडाला असता.

पार्ट त्याच्याकडं होते, पण म्हणाला की बसवल्यावर एक दिवस चालवून बघितल्याशिवाय देणार नाही. आणि मी काही म्हणायच्या आधीच कपाटातून स्वतःचा १२० वॅटचा जुना मशीन काढून दिला, डिपॉझिट नाही, कागद नाही, नुसतं वहीत गावाचं नाव आणि फोन नंबर. त्याच्यावर त्या रात्रीचं कीर्तन झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी आमचा मशीन तयार. बिल ११५० रुपये, त्यात पार्ट किती आणि मजुरी किती वेगळं लिहिलेलं, आणि जळालेले ट्रान्झिस्टर वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून परत दिलेले. ते मी मंडळाच्या बैठकीत सगळ्यांना दाखवले, म्हणजे हिशोबाला प्रश्न नाही. काल्याला चारी कोपऱ्यात आवाज पोचला. चार दिवसांनी त्याचाच फोन आला, "वाजायलंय का नीट?"

आमच्या भागातली मंडळं या कंपनीला धरून का असतात ते मला तेव्हा कळलं. आमच्या शेजारच्या गावात मारुतीच्या देवळात तीस वर्षाचा जुना अहुजा आहे, रंग उडालाय, एका बटनाच्या जागी पेनाचं टोपण बसवलंय, तरी रोज हरिपाठाला चालू. तालुक्यातला कोणताबी मेकॅनिक तो डोळे झाकून खोलतो, पार्ट मिळतात. शेगावची पालखी गंगाखेडात येते तेव्हा स्वागताच्या मंडपांमधून फिरून बघा, किती ठिकाणी हेच मशीन दिसल. नवीन पोरं म्हणतात की याच्यापेक्षा भारी वस्तू मिळतात, मिळत असतील, पण सप्त्याच्या पाचव्या रात्री त्यांचा माणूस कुठं सापडल ते पण विचारा.

घेणाऱ्यांनी एवढं करा. मशीन जड आहे, आत मोठा ट्रान्सफॉर्मर आहे, म्हणून लाकडी पेटी करून घ्या आणि दोघांनी उचला. व्होल्टेज कट-ऑफ असलेला स्टॅबिलायझर मशीनच्या आधी लावाच, आम्ही सप्त्यानंतर लावला, आधी लावला असता तर ११५० वाचले असते. लाईट जाणाऱ्या गावात १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून ठेवा, २४ व्होल्ट डीसीवर आमचा मशीन सगळा हरिपाठ काढतो, ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या चालतात. भोंग्याचं तोंड पावसाळ्यात खाली झुकवून ठेवा, पाणी आत गेलं की युनिटचा पडदा जातो.

१४ महिन्यात त्या न्यूट्रलशिवाय दुसरं काही झालं नाही, एका माईकची वायर पिनेपाशी तुटली ती मीच डाग देऊन जोडली. या गुरुवारी परभणीला जायलोय, शेजारच्या गावचा तो पेनाच्या टोपणाचा मशीन सोबत घेऊन, त्याला खरं बटन मिळतंय का बघायला.